मालकाकडचं टोक

सोपानराव गव्हाणे ग्रामसेवक म्हणून बाभूळदऱ्यात पहिल्यांदा आले ते १९९७ च्या जूनमध्ये, आणि त्यांच्या कपाळाला पहिलं टेंगूळ आलं ते त्यानंतर चार मिनिटांनी. ही चार मिनिटं गावात इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितली आहेत की आता ती दीड तासाची झाली आहेत. त्यातला सगळ्यांना मान्य असलेला भाग असा : शिरूरहून आलेली एसटी धुरळा उडवून निघून गेली, धुरळा खाली बसला आणि त्याच्या जागी एक उंच, काटकुळा, पांढऱ्या दाढीचा माणूस उभा दिसला. हातात भाकरीएवढी गोल चामड्याची डबी. या माणसाने साहेबांना नमस्कार केला नाही, पाणी विचारलं नाही. एक डोळा मिटून त्यांना चपलेपासून भांगापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "पाच फूट साडेदहा. आफिसाचा दरवाजा पाच आठ. वाकून या."

नवा ग्रामसेवक पहिल्याच दिवशी शिपायाच्या सांगण्यावरून वाकायला लागला, तर राज्याचा कारभार चालायचा कसा? सोपानराव ताठ मानेने आत शिरले. तो आवाज मांडवगण फराट्यापर्यंत ऐकू गेला म्हणतात. देवळावरची कबुतरं उडाली ती तीन दिवस परतली नाहीत, आणि शेजारच्या पोपटच्या म्हशीने त्या संध्याकाळी दूध चोरलं. सोपानरावांनी डोळे उघडले तेव्हा तो दाढीवाला शांतपणे चौकटीवरून हात फिरवत होता. "लाकडाला काय झालं न्हाई, सायब," तो म्हणाला. "अडीच इंचानं फसलात."

हे शेखलाल मुलाणी. बाभूळदरा ग्रामपंचायतीचे शिपाई. शिपाई म्हणजे झाडू मारणारे, नळ सोडणारे, ग्रामसभेची दवंडी देणारे, घरपट्टी मागत फिरणारे आणि मुख्य म्हणजे घरं मोजणारे. दर चार वर्षांनी गावातल्या घरांची नवी आकारणी व्हायची. ती करायला समिती असे, समितीत सरपंच आणि पंच असत, आणि ते सगळे पहिल्या तीन घरांनंतर चहाला थांबत ते आकारणी संपल्यावरच उठत. उरलेली तीनशे नऊ घरं शेखलाल आणि त्यांचा टेप मोजायचे.

टेप पन्नास फुटी, कापडी, १९७६ साली ग्रामपंचायतीने विकत घेतलेला. सुरुवातीचे चार इंच झिजून तुटले होते, त्यामुळे जगाची सुरुवात शेखलालपुरती चारापासून व्हायची. ते प्रत्येक मापातून चार वजा करत, पण गावाचा त्यावर विश्वास नव्हता. पंचायतीने हे चार इंच प्रत्येक घरातून कुठेतरी नेऊन साठवले आहेत, असं गावाचं ठाम मत होतं.

या मतावर उतारा म्हणून शेखलालनी स्वतःच एक कायदा केला होता. टेपची डबी त्यांच्या हातात, आणि दुसरं टोक घरातल्या माणसाने धरायचं. पंचाने नाही, शेजाऱ्याने नाही. "मालकाकडचं टोक मालकानंच धरायचं," ते म्हणत. "उद्या म्हणू नगा, मामानं वढून घेतलं." मालक रानात असेल तर मालकीण, मालकीण पाण्याला गेली असेल तर आजी. एकदा तर घरात फक्त अंथरुणाला खिळलेले आप्पा होते. शेखलालनी टेपचं टोक त्यांच्या उशाशी नेऊन मुठीत दिलं, आणि आप्पांनी त्या दिवसापुरतं जगाच्या कारभारात पुन्हा लक्ष घातलं.

अशी वीसेक वर्षं गेली. गावातल्या प्रत्येक घराचा आतला कोपरा शेखलालना ठाऊक होता. कुणाच्या माजघरात किती अंधार, कुणाची पडवी कुठे पोक काढून उभी, सगळं. पण तीनशे बारा घरांपैकी "टेका मामा जरा" असं म्हणणारी घरं पाचसुद्धा नव्हती. त्यात लोकांचा दोष नाही. घरपट्टी मागणाऱ्या माणसाला बसायला सांगितलं की तो बसतो. शेखलालची सायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली की पहिल्या घरातली बाई दुसरीला सांगायची, दुसरी तिसरीला, आणि चौथ्या घरी पोहोचेपर्यंत सगळी गल्ली एकाएकी निमोण्याला लग्नाला गेलेली असायची.

त्यांचं स्वतःचं घर पंचायतीच्या मागच्या अंगाला होतं. एक खोली, मातीच्या भिंती, वर पत्रा. बायको मेहरुन १९९५ साली गेली. जिवंत होती तोवर ती स्वतःला टेपची सवत म्हणायची, म्हणजे टेप पहिली आणि ती दुसरी. ती गेल्यावर शेखलालना एक गोष्ट कळली, की एका माणसाचा स्वयंपाक मोजून होत नाही. डाळ नेहमी दोघांची व्हायची. उरलेली दुसऱ्या दिवशी संपवताना ते टेप पुसून, गुंडाळून, समोर ठेवत. कब्रस्तानातल्या तिच्या जागेचं माप त्यांना पाठ होतं, सहा बाय अडीच. गावातली ही एकच जागा होती जिची त्यांनी कधी कुणाकडे पट्टी मागितली नाही.

मुलगा बिलाल दौंडला. स्टेशनाजवळ बॅटरी दुरुस्तीच्या दुकानात कामाला, सासुरवाडीच्या आधाराने राहायला. सून आसमीन, नात मेहक. बाभूळदऱ्यापासून सणसवाडी सायकलच्या अंतरावर. तिथे रोज नवी कंपनी उभी राहत होती आणि बॅटरी, वायरिंग कळणाऱ्या माणसाला गेटवरूनच आत घेत होते. बिलालला यायचं होतं. अडचण एकच होती, आणि ती आसमीनने सासऱ्यासमोर पदर सावरून स्वच्छ सांगितली होती.

"अब्बा, एका खोलीत तुम्ही, आम्ही आन् ही पोरगी. कसं व्हायचं? अजून एक खोली काढा, मी सोता सामान बांधून येते."

शेखलाल लगेच कामाला लागले. घराच्या उजव्या अंगाला त्यांनी दहा बाय बाराचं दगडी जोतं घातलं. दोन फूट उंच, चारी कोन काटकोनात, पावसाळ्यात पाणी तुंबणार नाही असा पुढे किंचित उतार. गावात असं जोतं दुसरं नव्हतं. आणि तिथेच पैसे संपले. मग उन्हाळ्यात ते त्यावर सतरंजी टाकून संध्याकाळचे बसत. येणारे-जाणारे विचारत, "मामा, कुठं बसलायसा?" शेखलाल म्हणत, "घरात."

२००० साल उजाडलं आणि सरकारने नवा नियम आणला. घरपट्टी आता अंदाजाने नाही, क्षेत्रफळावर. जेवढे चौरस फूट, तेवढा कर. दवंडी शेखलालनीच दिली. दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव आकसायला लागलं. काल ज्याला लोक वाडा म्हणत होते ते आज छप्पर झालं. मुलीच्या सोयरिकीत सांगितलेल्या चार खोल्यांपैकी तीन 'आडोसा' झाल्या. टेपचं टोक धरणाऱ्या बायका ते भिंतीला टेकवायच्या ऐवजी भिंतीपासून वीतभर अलीकडे धरत आणि वर आकाशाकडे बघत. शेखलाल डबीकडून नुसतं म्हणत, "माय, भिंत तुझ्याकडं येणार न्हाई. तू तिच्याकडं जा."

सगळ्यात मोठी झटापट झाली ती गेणबाच्या दारात. गेणबाचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. गेणबाने शेती केली, आणि सणसवाडीला कंपन्या आल्यावर शेतीच्या कडेला दहा बाय दहाच्या आठ खोल्या काढून परगावच्या कामगारांना भाड्याने दिल्या.

"ह्या कसल्या खोल्या, गेणबा?"

"खोल्या कुठं, मामा? गोठा हाय. शेळ्यांचा."

"शेळ्यांना पंखा?"

"उकडतं की त्यास्नी. जर्मन जात हाय."

"आन् ही दोरीवर पॅन्ट?"

गेणबा पॅन्टकडे अशा नजरेने बघत राहिला, जणू शेळीकडून ही अपेक्षा नव्हती. तेवढ्यात रात्रपाळी करून झोपलेला एक कामगार दार उघडून बाहेर आला आणि डोळे चोळत म्हणाला, "क्या हुआ चाचा?"

शेखलालनी रजिस्टर उघडलं. "गेणबा, तुझी शेळी हिंदी बोलती. धर टोक."

गेणबाची बायको म्हाळसाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. तिनेच टोक धरलं, आणि भिंतीला अगदी चिकटवून धरलं. आठच्या आठ खोल्या लागल्या. गेणबा संतापला. जाता जाता शेखलालच्या पाठीवर त्याने वाक्य टाकलं ते गावभर झालं : "समद्यांच्या भिंती मोजल्या, मामा. तुमची कवा मोजणार? का पंचायतीच्या माणसाला भिंती नसत्यात?"

हे लागलं. खरं तर शेखलालनी आपलं घर शेवटी ठेवलं होतं, आणि शेवटच्या दिवशी दुपारी ते टेप घेऊन आपल्याच दारात उभे राहिले. डबी उजव्या हातात. टोक डाव्या हातात. मग त्यांच्या लक्षात आलं की कायदा त्यांनीच केला आहे. घरातल्या माणसाने धरायचं, आणि घरात माणूस नाही. खिळ्याला अडकवता आलं असतं. शेजारी पोपट उभा होता, तो म्हणालाही, "द्या मामा, मी धरतो." शेखलाल म्हणाले, "तू ह्या घरचा हायस का?" पोपट गेला. शेखलाल तासभर उंबऱ्यावर बसले. बाराव्या रकान्यापर्यंत भरलेल्या रजिस्टरात तीनशे बारावी ओळ कोरी ठेवून त्यांनी ते बंद केलं.

मार्चमध्ये बकरी ईदला बिलाल एकटाच आला. दोन दिवसांची सुट्टी. शिरखुर्मा ह्या ईदचा नव्हे, तरी शेखलालनी केला होता, आणि बिलालने दोन वाट्या घेतल्या. मग बापाने कोपऱ्यातून टेप काढला.

"धर. मालकाकडचं टोक."

बिलाल हसला, पण त्याने धरलं. खोली मोजून झाली. अकरा बाय चौदा, कच्ची. शेखलाल टेप गुंडाळायला लागले तर बिलालने टोक सोडलंच नाही. ते हातात घेऊन तो बाहेर गेला आणि जोत्यावर चढला.

"अब्बा, हे पण घ्या."

"हे काय घ्यायचं? वर आभाळ हाय."

"दिवाळीपर्यंत भिंती उभ्या करतो. मालकाकडं बोललोय मी, उचल देतो म्हणलाय. आसमीन पण तयार हाय. लिहून टाका."

शेखलाल डबी धरून उभे राहिले. सोपानरावांच्या आदल्या तीन ग्रामसेवकांनाही कधी पडली नसेल एवढी चिंता त्यांच्या कपाळावर पडली. आकारणी चार वर्षांची. आज जोतं सोडलं आणि दिवाळीला खोली उभी राहिली, तर २००४ पर्यंत ती बिनपट्टीची राहणार. गेणबा म्हणणार, बघा, आमच्या शेळ्या मोजल्या नि सोताची खोली लपवली. ही झाली त्यांच्या डोक्यातली बाजू. दुसरी बाजू अशी, की समोर मुलगा टोक धरून उभा होता आणि म्हणत होता, "आपली खोली."

त्यांनी लिहिलं. सुवाच्य अक्षरात, शाईच्या पेनाने. 'खोली २. पक्की. १० × १२.' आणि त्या वर्षीपासून नसलेल्या खोलीची पट्टी त्यांनी पगारातून कापून द्यायला सुरुवात केली. पावती आणून ते जोत्यावर बसून वाचत.

दिवाळीला भिंती उभ्या राहिल्या नाहीत. मेहकला न्यूमोनिया झाला, उचल तिकडे गेली. पुढच्या दिवाळीला दुकानाच्या मालकाने दुकानच विकलं. बिलाल फोनवर म्हणायचा, "होईल अब्बा." शेखलाल म्हणायचे, "जोतं कुठं पळून जातंय?" जोतं पळून गेलं नाही. उलट त्यावर वस्ती झाली. गेणबाने गोठ्याच्या खऱ्याखुऱ्या खोल्या केल्यामुळे त्याच्या खऱ्याखुऱ्या तीन शेळ्यांना जागा उरली नव्हती, आणि त्या दुपारच्या शेखलालच्या जोत्यावर येऊन बसायला लागल्या. शेखलालनी हाकललं नाही. कुणीतरी बसतंय, एवढं त्यांना पुरे होतं. पुढे तर ते त्यांना उरलेली भाकरी घालू लागले, आणि डाळ दोघांची होण्याचा प्रश्न निम्मा सुटला.

२००२ साली घरकुलं आली. बेघर किंवा कच्च्या घरात राहणाऱ्यांना सरकार घर बांधून देणार, आणि गावाच्या वाट्याला चार. तीन नावं एकमताने झाली. चौथ्यासाठी दोन अर्ज उरले, खंडू आणि शेखलाल मुलाणी. खंडू हा गावातला तरणाताठा गडी. त्याचं छप्पर होतं, आणि ते वादळात उडून दुसऱ्याच्या रानात पडलं की तो ते परत आणायचा. शेखलालनी बिलालला आधीच फोन केला होता. पोपटच्या टेलिफोन बूथवरून, उभं राहून.

"यंदा व्हतंय. सरकारी घर. जोतं तयारच हाय, त्याच्यावरच उठवायचं."

"खरं अब्बा?" आणि मागून आसमीनचा आवाज, "विचारा, मोरी आत काढतील का?"

"आत काढू," शेखलाल म्हणाले. एवढ्या ठामपणे त्यांनी आयुष्यात कशाचंच आश्वासन दिलं नव्हतं.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. त्या शेखलालनीच टाकल्या होत्या, आणि आज ते टोकाला न बसता मध्ये बसले होते. अंगावर ईदचा सदरा. सोपानरावांनी खंडूचा अर्ज वाचला. "कच्चं छप्पर, एक." मग दुसरा. वाचता वाचता ते थांबले. रजिस्टर जवळ ओढलं, बोट फिरवलं.

"मुलाणी शेखलाल. खोली एक, कच्ची. खोली दोन... पक्की." त्यांनी मान वर केली. "मामा, पक्की खोली असेल तर घरकुलात बसत नाही."

हशा पिकला. शेखलालच्या आधी, आणि हे कुणालाच अपेक्षित नव्हतं, गेणबा उठला.

"सायब, ती खोली न्हाई! माझी शेळी बसती तिथं रोज. भिंत असती तर आत गेली असती का?"

"गेणबा, रजिस्टरला आहे."

"रजिस्टर खोटं हाय मग!"

या वाक्याची वाट बघत जणू निम्मं गाव दोन वर्षं बसलं होतं. एकदम आवाज उठले. "मग माझी पडवी पण खोटी हाय!" "माझा जिना!" "आमच्या मागल्या खोलीला काढा, ती बी न्हाई!" सरपंच उभे राहून हात खाली-वर करत होते. त्या पट्टीच्या जोरावर पंचायतीने पाण्याच्या टाकीचा आपला हिस्सा भरला होता, टाकीचं काम चालू होतं, आणि इथे गावातल्या निम्म्या भिंती पंधरा मिनिटांत पाडल्या जात होत्या.

सोपानरावांनी हात वर केला. पाच वर्षांत ते या माणसाकडून दारातून वाकायला शिकले होते, आणखीही बरंच शिकले होते. त्यांचा आवाज मऊ झाला. "मामा, तुम्हीच लिहिलंय हे. तुम्हीच सांगा. चुकून लिहिलं असेल तर तसं सांगा, मी दुरुस्त करतो. खोली आहे की नाही?"

गेणबा शेखलालकडे बघून डोळ्यांनी खुणा करत होता, न्हाई म्हण, न्हाई म्हण. शेखलाल उठले. त्यांनी समोरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. या प्रत्येकाने कधी ना कधी त्यांच्या टेपचं टोक धरलं होतं, वीतभर अलीकडे का होईना. एकदा माप खोटं म्हटलं की सगळी मापं खोटी. आणि दुसरं एक होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या ओळीला टोक बिलालने धरलं होतं.

"हाय," शेखलाल म्हणाले. "खोली हाय."

"अहो मामा, कुठं हाय?" गेणबा ओरडला.

"तू बस खाली," शेखलाल म्हणाले. "तुझी शेळी आत बसती, तिला इचार."

लोक खूप हसले. सभा पुढे सरकली. चौथं घरकुल खंडूला मिळालं. खंडू पाया पडायला आला तर शेखलाल म्हणाले, "पाया नीट खोल घे, आन् जोतं काटकोनात घाल. मी येतो बघायला."

सतरंज्या गोळा करून ते बूथवर गेले. पोपटने न सांगता नंबर फिरवला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

"मिळालं का अब्बा?"

"न्हाई."

"का?"

"आपल्याकडं खोली हाय म्हणून."

काउंटरवरच्या मीटरचे लाल आकडे वाढत होते. मग आसमीन काहीतरी हळू बोलली, बिलाल म्हणाला, "बरं. तुम्ही जेवलात का?" शेखलाल म्हणाले, "जेवलो." त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केलाच नव्हता. घरी आल्यावर जोत्यावर बसले. शेळ्या केव्हाच गेणबाकडे गेल्या होत्या.

२००४ च्या आकारणीचं काम पंचायतीने बाहेरच्या दोन माणसांना दिलं. त्यांच्याकडे पोलादी टेप होता आणि ती दोघं एकमेकांनाच टोक देत. शेखलाल आदल्या महिन्यात निवृत्त झाले होते. त्यांच्या घरापाशी ती माणसं दोन मिनिटं थांबली, 'खोली २' पुढे 'नाही' असं लिहून पुढे गेली. बिलालने त्याच वर्षी दौंडला हप्त्यांवर स्वतःचं घर घेतलं. तिसऱ्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर.